नैराश्यावर ओपिऑइड रिसेप्टरची औषधं : गाडी नेमकी कुठे अडली आहे?

केतकी_बन (धागाकर्ती)

२०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत नैराश्यावरची दोन नवी औषधं पाठोपाठ आपटली. जानेवारीत न्युमोरा कंपनीच्या नॅव्हाकॅप्रंटची तिसऱ्या, म्हणजे मंजुरीआधीच्या मोठ्या टप्प्यातली पहिली चाचणी फसली आणि मार्चमध्ये जॉन्सन अँड जॉन्सनने ॲटिकॅप्रंटची मोठी चाचणी परिणाम पुरेसा दिसत नाही म्हणून थांबवली. दोन्ही एकाच जातीची, मेंदूतला कॅप्पा ओपिऑइड रिसेप्टर (पेशीवरची, ठरावीक रसायन चिकटण्याची जागा) अडवून ठेवणारी. ओपिऑइड म्हटलं की आपल्याला अफू, गर्द, मॉर्फिन आठवतं, त्यामुळे त्याचा नैराश्याच्या उपचाराशी काय संबंध, असं वाटणं साहजिक आहे. मी औषधनिर्माणशास्त्राच्या कॉलेजात शिकवते. हा विषय माझ्या जवळचा आहे आणि मराठीत यावर सलग काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही. कुणी काय घ्यावं आणि काय घेऊ नये हे मी सांगणार नाही.

थोडी पार्श्वभूमी. अफूचा अंश मेंदूत नेमका कुठे चिकटतो हे १९७३ मध्ये कळलं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये कँडेस पर्ट आणि सॉलोमन स्नायडर, न्यूयॉर्कमध्ये एरिक सायमन आणि स्वीडनमध्ये लार्स टेरेनियस अशा तीन ठिकाणी त्याच वर्षी हे रिसेप्टर सापडले. मग प्रश्न असा आला की खसखशीच्या बोंडातल्या रसासाठी आपल्या मेंदूत जागा राखलेली कशी? तर ती जागा शरीराच्या स्वतःच्या रसायनांची होती. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनला जॉन ह्यूज आणि हान्स कॉस्टरलिट्झ यांनी एन्केफॅलिन शोधलं, पुढे एन्डॉर्फिन आणि डायनॉर्फिन आली.

रिसेप्टर मुख्यतः तीन : म्यू, कॅप्पा आणि डेल्टा. म्यू चेतवला की वेदना शमते, निवांत वाटतं, आणि व्यसनही लागतं. मनावर कॅप्पाचा परिणाम बरोबर उलटा. ताण सतत राहिला की डायनॉर्फिन वाढतं, ते कॅप्पाला चेतवतं आणि मन खालावतं, कशातच रस वाटेनासा होतो. साल्विया नावाच्या मेक्सिकन वनस्पतीतलं साल्विनोरिन-ए हे द्रव्य कॅप्पा चेतवतं. ते घेतलेल्या बऱ्याच जणांना आलेला अनुभव मुळीच सुखाचा नसतो.

म्हणजे तर्काने दोन वाटा निघतात. म्यू थोडासा चेतवायचा, नाहीतर कॅप्पा बंद करायचा. पहिली वाट जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपात खिन्नतेच्या रुग्णांना अफूचा अर्क हळूहळू वाढवत आणि मग हळूहळू उतरवत देत. एमिल क्रेपेलिनसारख्या मोठ्या मनोविकारतज्ज्ञानेही त्याची शिफारस केली होती. १९५० च्या दशकात इमिप्रामिन हे नैराश्यावरचं औषध आलं आणि ती पद्धत मागे पडली.

आताच्या काळात या वाटेवरचं मुख्य औषध म्हणजे ब्युप्रेनॉर्फिन. इंग्लंडमधल्या हल शहरात रेकिट अँड कोलमनच्या प्रयोगशाळेत १९६६ मध्ये ते तयार झालं. ते म्यूला घट्ट धरतं पण पुरतं चेतवत नाही. पंख्याचा रेग्युलेटर दोनवर अडकवून ठेवावा तसं, कितीही फिरवा, वेग पुढे जात नाही. शिवाय ते कॅप्पालाही अडवतं, म्हणजे दोन्ही वाटा एकाच गोळीत. १९९५ मध्ये हार्वर्डशी संलग्न मॅक्लीन रुग्णालयात बॉडकिन आणि सहकाऱ्यांनी कुठल्याच औषधाने बरं न वाटलेल्या १० रुग्णांना ते दिलं. तिघांना मळमळ, अस्वस्थता सोसली नाही. उरलेल्या सातांपैकी चौघांची लक्षणं पूर्ण ओसरली, दोघांना बरंच बरं वाटलं, एकाचं बिघडलं. आणि पुष्कळशी सुधारणा पहिल्याच आठवड्यात दिसली.

दहाच रुग्ण होते, प्लासिबोशी (औषध नसलेल्या नकली गोळीशी) तुलना नव्हती, हे सगळं खरं. पण वर्षानुवर्षं काहीच लागू न पडलेली ही माणसं होती, हेही विसरू नये. या दोन वाटांवर पुढे काय झालं आणि आज कुठे अडलंय, यावर इथल्या जाणकारांनी लिहावं ही विनंती.

तगर

वाचतेय. छान सुरुवात.

दर्याकिनारी

केतकीताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. माझा धाकटा भाऊ सात-आठ वर्षं नैराश्यात आहे. तीन औषधं बदलून झाली, चौथं चालू आहे. रडणं, चिडणं थांबलं. पण गणपतीत आईने उकडीचे मोदक केले, त्याने तीन खाल्ले आणि म्हणाला, "चव कळते गं, बरं काही वाटत नाही." हे त्याचं वाक्य मी डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं.

विचारायचंय ते वेगळंच. मध्यंतरी त्याची कंबर धरली होती, हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल ही वेदनाशामक गोळी दिली. त्या दिवसांत तो वेगळाच माणूस होता. स्वतःहून फोन करायचा, भाच्याशी कॅरम खेळला. घरात कुणाचा विश्वास बसत नाही, म्हणतात कंबर बरी झाली म्हणून खुलला. मला तसं वाटत नाही. हे खरंच औषधामुळे होऊ शकतं का?

केतकी_बन

दर्याकिनारी, होऊ शकतं. तुमचं निरीक्षण नजरेआड करण्यासारखं नाही. ट्रॅमाडॉल म्यूवर काम करतं आणि शिवाय सेरोटोनिन, नॉरएपिनेफ्रिन ही मनःस्थितीशी निगडित रसायनंही वाढवतं. पण "आता ते नैराश्यासाठी चालू ठेवू या का" हा पुढचा प्रश्न डॉक्टरांसाठी राखून ठेवते. इथे मनोविकारतज्ज्ञ आहेत, ते लिहितीलच.

तोवर एक सांगते. मिशिगन विद्यापीठात डेव्हिड स्यू आणि सहकाऱ्यांनी एक सुंदर प्रयोग केला होता. लोकांना अनोळखी माणसांची माहिती दाखवून "यातलं कोण आवडेल" असं विचारलं. मग मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना सांगितलं, की तुम्हाला जे आवडले त्यांना तुम्ही आवडला नाहीत. हे आधीच समजावलेलं होतं की सगळं खोटं आहे. तरी नकार ऐकताच निरोगी माणसांच्या मेंदूत म्यूवर काम करणारी रसायनं स्रवली, जशी शारीरिक वेदनेत स्रवतात. पुढे २०१५ मध्ये हाच प्रयोग नैराश्याच्या रुग्णांवर केला तेव्हा हा प्रतिसाद कमी पडलेला दिसला. ज्याला बाहेरचे "साधी गोष्ट मनाला लावून घेतो" म्हणतात, त्याच्या मेंदूत मलमच कमी तयार होत असेल तर? मला या प्रयोगाने फार हलवलं.

संशयात्मा_पुणे

हे सगळं ऐकायला गोड आहे. पण ऑक्सिकाँटिनच्या वेळीही असंच गोड बोलले होते. १९९६ मध्ये बाजारात आलं, व्यसन लागत नाही असं डॉक्टरांना पटवलं, पुढे काय झालं जगाने पाहिलं. पर्ड्यू कंपनीने २००७ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये न्यायालयात गुन्हा कबूल केला. आता वेदनेचा बाजार बसला म्हणून दुःखाचा बाजार शोधताहेत. नैराश्याचे रुग्ण तर आयुष्यभराचं गिऱ्हाईक. माझा ठाम विरोध.

हडसनकाठ

संशयात्मा, तुमचा राग मला समजतो. मी न्यू जर्सीत राहतो, औषधांच्या चाचण्यांची आकडेमोड हेच माझं काम, आणि आमच्या गावात ओव्हरडोसने मुलं गेली आहेत. पण नैराश्याच्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडलं ते तपशिलात पाहिलं पाहिजे.

अल्कर्मिस नावाच्या कंपनीने ब्युप्रेनॉर्फिनबरोबर सामिडॉर्फन जोडलं. सामिडॉर्फन म्यूला अडवतं. कल्पना अशी, की व्यसन लावणारा म्यूचा भाग झाकायचा आणि बाकीचा उपयोग राखायचा. एएलकेएस ५४६१ असं त्याचं कामचलाऊ नाव होतं. २०१६ च्या जानेवारीत कळलं की दोन मोठ्या चाचण्या मुख्य निकषावर उतरल्या नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिसरी उतरली. त्या जोरावर कंपनी एफडीएकडे, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाकडे गेली. एप्रिल २०१८ मध्ये एफडीएने आधी अर्ज दाखल करून घ्यायलाच नकार दिला, मग दोन आठवड्यांत तो निर्णय फिरवला. १ नोव्हेंबर २०१८ ला तज्ज्ञ समितीची बैठक झाली. २१ विरुद्ध २ मतांनी समितीचं म्हणणं पडलं की फायदा जोखमीला पुरून उरत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये एफडीएने मंजुरी नाकारली.

यातली तांत्रिक भानगड सांगतो, कारण खरा वाद तिथेच होता. नैराश्याच्या चाचण्यांत प्लासिबोवरही खूप लोकांना बरं वाटतं. म्हणून या कंपनीने दोन टप्प्यांची रचना वापरली. पहिल्या टप्प्यात बहुतेकांना प्लासिबो. ज्यांना त्यावरही बरं वाटलं नाही, त्यांनाच दुसऱ्या टप्प्यात पुन्हा चिठ्ठ्या टाकल्यासारखं औषध किंवा प्लासिबो. मग दोन्ही टप्प्यांचे आकडे एकत्र करायचे. कागदावर हुशारीचं काम. पण एफडीएच्या संख्याशास्त्रज्ञांना ते पटलं नाही, कारण दुसऱ्या टप्प्यातली माणसं गाळून आलेली, आणि दोन्ही टप्प्यांत "परिणाम" म्हणजे एकच गोष्ट मोजली जातेय की नाही हे स्पष्ट नाही. शिवाय मळमळ, गुंगी आली की आपल्याला खरं औषध मिळालंय हे रुग्ण ओळखतो. मग चाचणीचा पडदा फाटतो. आणि इतकं करून प्लासिबोपेक्षा सरस ठरलं ते थोडक्याच गुणांनी.

सांगायचं हे, की इथे कुणी आंधळेपणाने शिक्का मारला नाही. समितीतल्या रुग्ण-प्रतिनिधींनी आणि डॉक्टरांनी तावून सुलाखून प्रश्न विचारले. मंजुरी न मिळणं मला त्या पुराव्यावर बरोबरच वाटतं.

तांबडं_फुटतंय

मी स्वतः रुग्ण आहे. हडसनकाठ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मला एवढंच म्हणायचंय, की "थोडक्याच गुणांनी" हे सरासरीचं झालं. सरासरीत माझ्यासारख्या कुणाला काहीच फरक पडला नसेल आणि कुणाचं आयुष्य परत मिळालं असेल. ती दुसरी माणसं कोण हे शोधण्याची तसदी घेतली जाते का?

हडसनकाठ

फार नेमका प्रश्न. प्रामाणिक उत्तर : पुरेशी नाही. चाचणी संपल्यावर उपगट पाडून शोधाशोध होते, पण असे निष्कर्ष बऱ्याचदा पुढच्या चाचणीत टिकत नाहीत. नॅव्हाकॅप्रंटच्या बाबतीतही कंपनीने "स्त्रियांमध्ये फरक दिसला" असं सांगितलं. खरं असेल, योगायोगही असेल. त्यासाठी आधीपासून तसं ठरवून केलेली चाचणी लागते.

मनोवैद्य_नाशिक

रुग्ण पाहून झाल्यावर सवड मिळाली. मी मनोविकारतज्ज्ञ आहे.

आधी संशयात्मा यांना. व्यसनाची भीती रास्त आहे, मीही रोज तिला तोंड देतो. पण दुसरी बाजू घ्या. अमेरिकेत स्टार-डी नावाचा मोठा अभ्यास झाला, २००६ मध्ये निकाल आले. पहिल्या औषधाने लक्षणं पूर्ण जाणारे रुग्ण साधारण एक तृतीयांश. तिसऱ्या, चौथ्या औषधाला पोचलेल्यांचं प्रमाण तर फारच घसरतं. माझ्यासमोर बसलेल्या अशा रुग्णाला "धीर धरा" यापलीकडे काही सांगता यावं असं मला वाटतं. म्हणून हे संशोधन मी बारकाईने वाचतो.

इस्रायलमध्ये योराम योव्हेल आणि सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा आहे. तो २०१६ मध्ये छापून आला. आत्महत्येचे तीव्र विचार असलेल्या ८८ जणांना चालू उपचारांच्या जोडीला चार आठवडे अगदी कमी मात्रेत ब्युप्रेनॉर्फिन किंवा प्लासिबो दिलं. व्यसनमुक्तीत दिवसाला बहुधा कित्येक मिलिग्रॅम लागतात, इथे सरासरी अर्ध्या मिलिग्रॅमच्याही आत. विचारांची तीव्रता प्लासिबोपेक्षा जास्त उतरली. ज्यांना आधीपासून व्यसन होतं अशांना अभ्यासातून वगळलं होतं. चार आठवड्यांनंतर थांबवल्यावर त्रास झाल्याचं दिसलं नाही.

या अभ्यासाच्या लेखकांत याक पँकसेप होते. आईपासून दूर केलेली पिल्लं जे रडतात, ते अगदी थोड्या मॉर्फिनने शांत होतं हे त्यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं. विरहाचं दुःख आणि वेदना एकाच यंत्रणेवर चालतात हा त्यांचा आयुष्यभराचा मुद्दा. आत्महत्येच्या उंबरठ्यावरचा माणूस "उदास आहे" असं क्वचित म्हणतो. तो म्हणतो, "सहन होत नाही." ती मानसिक वेदना आहे, आणि आपली नेहमीची औषधं तिथे पोचायला आठवडे घेतात.

पण, आणि हा पण मोठा आहे : एक अभ्यास म्हणजे उपचारपद्धती नव्हे. भारतात ब्युप्रेनॉर्फिनला नैराश्यासाठी मान्यता नाही. ते अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याखाली येतं. मी ते नैराश्यासाठी देत नाही.

वाचणाऱ्यांपैकी कुणी आज त्या "सहन होत नाही" अवस्थेत असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.

रानजाई

डॉक्टरांना अनुमोदन. मी व्यसनमुक्ती क्षेत्रात समुपदेशक आहे. ब्युप्रेनॉर्फिन कागदावर वेगळं दिसतं आणि खिडकीसमोरच्या रांगेत वेगळं, म्हणून लिहिते.

ओएसटी केंद्रात, म्हणजे जिथे अफूजन्य व्यसनाच्या जागी हे औषध देतात तिथे, गोळी सहसा घरी देत नाहीत. नर्स गोळी चुरडते, पूड जिभेखाली ठेवायला लावते आणि विरघळेपर्यंत समोर बसवते. मग तोंड उघडून दाखवायचं. एवढा बंदोबस्त कशासाठी? कारण गोळी बाहेर नेऊन पाण्यात विरघळवून शिरेत टोचतात. गिळली तर यकृत बहुतेक सगळी निकामी करतं, म्हणून जिभेखालीच. हेच औषध अनेकांचं आयुष्य सावरतं हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि पंजाबात, ईशान्येत याच औषधाची इंजेक्शनं व्यसन म्हणून घेतली जातात हेही तितकंच खरं.

पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये सुरू झालं ते मुंबई-पुण्यात गर्द पसरला होता त्या काळात. त्या पिढीतले काही जण मला भेटलेत. गर्द का ओढलीत विचारलं की "मजा" म्हणणारे थोडे. बरेचसे म्हणतात, "डोक्यातला गोंगाट बंद व्हायचा." पुष्कळांच्या बाबतीत नैराश्य आधीचं होतं, व्यसन नंतरचं. त्यांनी स्वतःवर स्वतःच इलाज केला आणि त्या इलाजाने त्यांना खाल्लं. म्यू चेतवून बरं वाटतं यात मला काही शंका नाही. मेंदू त्या बरं वाटण्याला सरावतो, मग आधीपेक्षा खाली उतरतो, प्रश्न तिथे आहे.

केतकी_बन

रानजाई, तुमच्या शेवटच्या वाक्याला आकड्यांचा आधारही आहे. अमेरिकेत जेफ्री शेरर यांच्या गटाने वेदनेसाठी ओपिऑइड घेणाऱ्या हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या. आधी नैराश्य नसलेल्यांपैकी ज्यांनी महिन्याच्या पुढे गोळ्या चालू ठेवल्या, त्यांच्यात नव्याने नैराश्य येण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. म्हणजे जे आठवड्यात वर आणतं तेच काही महिन्यांत खाली ओढू शकतं. चार-सहा आठवड्यांचा कुठलाही अभ्यास या प्रश्नाचं उत्तर देऊ शकत नाही, हे म्यूच्या वाटेचं खरं दुखणं.

गल्लीतला_केमिस्ट

सोलापूर जिल्ह्यात दुकान आहे. ट्रॅमाडॉलचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०१८ पासून ते एनडीपीएसमध्ये आहे, शेड्यूल एच-वनमध्ये (चिठ्ठीवरच, नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या यादीत) तर आधीपासूनच. वेगळ्या वहीत रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव, किती गोळ्या दिल्या हे सगळं लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. तरी काउंटरवर येऊन "पाठ दुखते, ती मागची पट्टी द्या" म्हणणारे असतात. चेहऱ्यावरून कळतं कुणाची पाठ दुखते आणि कुणाचं मन. दोघांनाही चिठ्ठीशिवाय देत नाही, पण दुसऱ्याला परत पाठवताना जीव तुटतो. त्याला मानसोपचाराला जा म्हटलं तर तो दुकान बदलतो.

नेने_अलिबाग

टियानेप्टिनबद्दल कुणी लिहील का? ते तर नैराश्याचंच मान्यताप्राप्त औषध आहे ना?

केतकी_बन

बरं आठवण केलीत, ही या विषयातली सर्वांत चकवणारी गोष्ट आहे. टियानेप्टिन हे सर्व्हिए या फ्रेंच कंपनीचं औषध. १९८० च्या दशकापासून फ्रान्समध्ये आणि पुढे इतर अनेक देशांत ते नैराश्यासाठी दिलं जातंय. अनेक वर्षं सगळे समजत होते की त्याचा परिणाम सेरोटोनिनमार्गे होतो, आणि तोही बाकीच्या औषधांच्या उलट. २०१४ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने दाखवलं की ते म्यू रिसेप्टर चेतवतं. पुढे ज्या उंदरांमध्ये म्यू रिसेप्टरच नव्हता त्यांच्यावर टियानेप्टिनचा नैराश्यविरोधी परिणाम दिसला नाही.

म्हणजे म्यूवर काम करणारं एक औषध डॉक्टर इतकी वर्षं नैराश्यासाठी लिहून देत होते, आणि ते तसं काम करतं हे कुणालाच माहीत नव्हतं. ठरलेल्या मात्रेत बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता नसताना पेट्रोल पंपावरच्या दुकानांतून बाटल्या, गोळ्या विकल्या गेल्या. लोकांनी डॉक्टरी मात्रेच्या कित्येक पट घेतलं, औषध सुटताच हेरॉइनसारखी विथड्रॉवलची लक्षणं आली, मृत्यूही झाले. मिशिगन, अलाबामा अशा राज्यांनी बंदी घातली, एफडीएने इशारे दिले. फ्रान्सनेही २०१२ मध्ये त्याच्या चिठ्ठीचे नियम कडक केले.

माझ्या दृष्टीने टियानेप्टिन दोन्ही गोष्टी एकदम सिद्ध करतं. म्यूमार्गे नैराश्य हलवता येतं, आणि ते औषध कुणाच्या हातात, किती, कोणाच्या देखरेखीखाली आहे यावर सगळं अवलंबून आहे.

तांबडं_फुटतंय

आणि केटामिन? माझ्या डॉक्टरांनी त्याचा विषय काढला होता. तेही ओपिऑइडच आहे असं एका ठिकाणी वाचलं आणि घाबरून नाही म्हटलं.

मनोवैद्य_नाशिक

ताई, केटामिन ओपिऑइड नाही. ते मूळचं भूल देण्याचं औषध, मुख्यतः एनएमडीए नावाचा रिसेप्टर अडवतं. तुम्ही वाचलंत ते बहुधा स्टॅनफर्डच्या २०१८ च्या अभ्यासाबद्दल. त्यांनी रुग्णांना केटामिन देण्याआधी एकदा नाल्ट्रेक्सोन दिलं, जे ओपिऑइड रिसेप्टर अडवतं, आणि एकदा प्लासिबो. नाल्ट्रेक्सोन घेतलं तेव्हा केटामिनचा नैराश्यावरचा परिणाम जवळपास नाहीसा झाला. तरंगल्यासारखं वाटणं मात्र तसंच राहिलं. निकाल इतका स्पष्ट होता की अभ्यास मध्येच थांबवला, दोन्ही फेऱ्या पूर्ण केलेले १२ जणच. मग २०१९ मध्ये येलच्या गटाने दारूचं व्यसन असलेल्या पाच रुग्णांना नाल्ट्रेक्सोन चालू असतानाच केटामिन दिलं आणि त्यांना तरीही बरं वाटलं. दोन्ही अभ्यास छोटे, निकाल परस्परविरोधी.

यातून "केटामिन म्हणजे अफू" असं निघत नाही. नैराश्यातून बाहेर येण्याच्या प्रक्रियेत शरीराची स्वतःची ओपिऑइड यंत्रणा कुठेतरी हवी असावी, एवढंच फार तर म्हणता येईल. प्लासिबोने बरं वाटणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतही म्यू यंत्रणा जागी होते, हे मिशिगनच्याच झुबिएटा, पेसिन्या यांच्या कामातून दिसलंय. केटामिनला त्याचे स्वतःचे धोके आहेत : रक्तदाब वाढणं, वारंवार घेतल्यास मूत्राशयाला इजा, आणि सवय. ते धोके तुमच्या डॉक्टरांना मोकळेपणी विचारा आणि मग ठरवा. एका बातमीच्या मथळ्यावरून दार बंद करू नका.

तांबडं_फुटतंय

धन्यवाद डॉक्टर. पुन्हा विचारेन त्यांना.

संशयात्मा_पुणे

ठीक. कंपन्यांवरचा माझा अविश्वास कायम आहे, पण अल्कर्मिसच्या चाचण्यांचे तपशील मला माहीत नव्हते. आता कॅप्पाचं सांगा. त्यात व्यसन नाही म्हणता, मग ते का आपटलं?

केतकी_बन

व्यसनाचा धोका जवळपास नाही, कारण ही औषधं म्यूला चेतवतच नाहीत. म्हणूनच सगळ्यांची भिस्त या वाटेवर होती. सुरुवातीचा एक रेणू, जेडीटिक, माणसांत हृदयाच्या ठोक्यांची गडबड दिसल्यामुळे सोडून द्यावा लागला. ॲटिकॅप्रंट मुळात एलाय लिली कंपनीचं, मग दोन-तीन हात बदलत जॉन्सनकडे आलं. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या मदतीने झालेला त्याचा अभ्यास २०२० मध्ये आला. ८९ रुग्ण होते, ज्यांचा मुख्य त्रास आनंदशून्यता असा. दर्याकिनारी, तुमच्या भावाचं मोदकाबद्दलचं वाक्य म्हणजे नेमकी हीच अवस्था. आठ आठवड्यांनी, बक्षीस मिळणार असं कळल्यावर मेंदूचा जो भाग उजळायला हवा तो औषध घेणाऱ्यांत जास्त उजळला, आणि आनंदशून्यतेचे गुणही सुधारले.

एवढ्या सुंदर अभ्यासानंतर तिसरा टप्पा का फसला? "रुग्ण नीट निवडले नाहीत" हे उत्तर इथे चालत नाही, कारण जॉन्सनने आनंदशून्यता असलेलेच रुग्ण मुद्दाम घेतले होते. न्युमोराच्या चाचणीत प्लासिबो गटही औषधाच्या गटाइतकाच सुधारला. त्यांनी उरलेल्या दोन चाचण्यांची रचना बदलून काम पुढे चालू ठेवलं.

माझं मत सांगते, मत म्हणूनच घ्या. कॅप्पाचा बहुतेक पुरावा नुकताच ताण दिलेल्या उंदरांतून आलेला आहे. डायनॉर्फिन ताणाच्या काळात मन खाली ढकलतं हे पटण्यासारखं आहे. पण आठ-दहा वर्षं मुरलेलं नैराश्य त्या एका खिळ्यावर टांगलेलं असेलच असं नाही. कदाचित हे औषध आजार सुरू होताना किंवा बरं झाल्यावर तो उलटू नये म्हणून उपयोगी पडेल. तशी चाचणी लांबलचक आणि महागडी, कंपन्या त्यात पैसे घालायला राजी नसतात. सार्वजनिक पैशातून ती व्हावी असं मला तळमळून वाटतं. आपल्या देशात बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या सर्वेक्षणानुसार नैराश्याच्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ जणांना उपचारच मिळत नव्हते. जे पोचतात आणि तरी बरे होत नाहीत, त्यांच्यासाठी नवं काही शोधायला कोण भांडणार?

रानजाई

केतकी, ते "उलटू नये म्हणून" मला फार पटलं. व्यसनातही पुन्हा पाय घसरतो तो बहुतेक वेळा ताणाच्या दिवसांत.

दर्याकिनारी

सगळं वाचलं, काही भाग नवऱ्याकडून समजून घेतला. डॉक्टर, माझा प्रश्न राहिला. भावाकडे अजून ट्रॅमाडॉलची अर्धी पट्टी आहे आणि तो मधूनमधून घेतो असं मला काल कळलं. एस्सिटालोप्राम, म्हणजे त्याची नैराश्याची गोळी, चालूच आहे. त्याच्यावर ओरडू की नको?

मनोवैद्य_नाशिक

ओरडू नका. त्याने लपवायला सुरुवात केली तर आपल्याला काहीच कळणार नाही.

पण हे थांबून पाहण्यासारखं नाही. ट्रॅमाडॉल आणि एस्सिटालोप्राम दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. एकत्र घेतल्यावर काही जणांना सेरोटोनिन सिंड्रोम होतो : हातपाय थरथरणं, घाम, ताप, बेचैनी, छाती धडधडणं. ट्रॅमाडॉलने फिटही येऊ शकते, अशा जोडीत ती शक्यता वाढते. यातलं काही दिसलं तर सरळ इस्पितळ गाठा. एस्सिटालोप्राम मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका. ट्रॅमाडॉल रोज घेत असेल तर तेही एकदम तोडू नका, त्याच्या मनोविकारतज्ज्ञांना आजच फोन करून विचारा.

आणि तुम्ही पाहिलेला बदल त्यांना नक्की सांगा. किती गोळ्या घेतल्यावर, किती वेळाने, किती दिवस टिकला, सगळं. अशा नोंदीवरून मी स्वतः एक-दोनदा उपचाराची दिशा बदलली आहे. नॉरएपिनेफ्रिनवरही काम करणारं औषध, मेंदूला चुंबकीय उत्तेजन, केटामिन, इसीटी (भूल देऊन मेंदूला सौम्य वीज देण्याचा उपचार) : तिसऱ्या-चौथ्या औषधानंतरही मान्यता असलेले, अनुभवाने पारखलेले मार्ग उरलेले असतात.

गल्लीतला_केमिस्ट

उरलेली पट्टी दुकानात परत द्यायला नेऊ नका, बहुतेक दुकानदार घेणार नाहीत. डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि हाडांच्या डॉक्टरांनाही कळवा की मनाच्या गोळ्या चालू आहेत. दोन चिठ्ठ्या दोन दुकानांतून आल्या की आम्हाला काउंटरवर हे दिसतच नाही.

दर्याकिनारी

फोन केला. उद्या सकाळी अकराला बोलावलंय. दोन्ही चिठ्ठ्या आणि पट्टी घेऊन जातोय. तो स्वतः यायला तयार आहे. काय झालं ते इथे लिहीन.